असईला नेम लागला असता तर

या मालिकेत आजपर्यंत आपण घडलेल्या इतिहासाबद्दल बोललो. आज न घडलेल्या इतिहासाबद्दल बोलू, आणि तोही इंग्लंडच्या राजकारणाचा आणि राजघराण्याचा. जालन्यात बसून इंग्लंडच्या राजाची उठाठेव कशाला, असं काही जण मनात म्हणत असतील. त्याचं उत्तर भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मध्ये आहे. तिथे पोचायला मला थोडा वळसा घ्यावा लागेल.

इंग्रजांना स्वतःच्या इतिहासाशी 'जर-तर' खेळायची जुनी खोड आहे. १९०७ साली ट्रेव्हेल्यन नावाच्या इतिहासकाराने वॉटर्लूला नेपोलियन जिंकला असता तर काय, यावर निबंध लिहिला. १९३१ साली जे. सी. स्क्वायरने अशा निबंधांचं एक पुस्तकच काढलं. त्यात चर्चिलचाही निबंध आहे. चर्चिलने उलटी चाल खेळली. अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई दक्षिणेचा सेनापती ली जिंकलाच आहे असं धरून, त्या जगातला एक लेखक 'ली हरला असता तर' याचा विचार करतो. १९७६ साली किंग्जली एमिसने एक कादंबरी लिहिली. तिच्यात युरोपात धर्मसुधारणा झालेलीच नाही आणि मार्टिन ल्यूथर स्वतःच पोप होऊन बसलाय. आणि १९९२ साली स्यू टाउनसेंड या बाईंनी तर कमाल केली. निवडणुकीत प्रजासत्ताकवाद्यांचं सरकार येतं, राजेशाही बरखास्त होते आणि राणी एलिझाबेथचं अख्खं कुटुंब सरकारी वसाहतीतल्या घरांत राहायला जातं. आपल्याकडे म्हाडाच्या वसाहतीत गाळा मिळावा तसं. राणीला पेन्शनीच्या रांगेत उभं राहावं लागतं, नवरा अंथरूण धरतो, आणि शेजारपाजारचे गरीब लोक जमेल तशी मदत करतात. शेवटी राणीला जाग येते आणि ते सगळं स्वप्न ठरतं.

हे पुस्तक राणीच्या डोळ्यांदेखत छापलं गेलं, खपलं, लोक पोट धरून हसले. कुणाला तुरुंगात टाकलं नाही. याचं कारण इंग्रज फार उदार आहेत हे नव्हे. ज्या सिंहासनात प्रत्यक्ष सत्ता उरलेली नाही, त्याची थट्टा केल्याने कुणाचं काही बिघडत नाही, हे आहे. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

इतिहासकार मंडळींना हा प्रकार आवडत नाही. ई. एच. कार यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत त्याला दिवाणखान्यातला खेळ म्हणून बाजूला सारलं. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे मी या खेळाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो. 'अमुक गोष्टीमुळे तमुक झालं' असं म्हणताना आपण कळत-नकळत 'अमुक झालं नसतं तर तमुक झालं नसतं' असंच म्हणत असतो. कारण सांगणं आणि जर-तर करणं ही एकाच नाण्याची छाप-काटा आहेत. १९७३ साली डेव्हिड लुईस या अमेरिकी तत्त्वज्ञाने यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं: कल्पनेतलं जग आपल्या जगाच्या जितकं जवळचं घ्याल, तितकी ती कल्पना कामाची. समजा, आज सकाळी तुमची एसटी चुकली असती, तर तुम्ही इथे उशिरा आला असता. हे जवळचं जग. आणि एसटीचा शोधच लागला नसता तर? ते लांबचं जग. तिथे काहीही बोलता येतं, म्हणून तिथे बोलण्यात राम नाही. बदल जितका लहान आणि परिणाम जितका मोठा, तितका खेळ चांगला.

आता लहानात लहान बदल कुठे सापडतो ते बघू.

तारीख २३ सप्टेंबर १८०३. त्याच्या आधीच्या डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून कंपनीचं छत्र डोक्यावर घेतलं होतं. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना ते मान्य नव्हतं. ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला पडला, २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने आपलं जालना घेतलं. २१ तारखेला बदनापूरला स्टीव्हन्सन आणि ऑर्थर वेलस्ली भेटले आणि दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ ला मिळून हल्ला करायचा, असं ठरलं. वेलस्ली २३ ला नळणीपाशी पोचला, तर शत्रू भोकरदनला नसून अगदी समोर, असईजवळ, नदीपलीकडे उभा. बरोबर जेमतेम साडेचार हजार शिस्तबद्ध फौज, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांकडचे काही हजार घोडेस्वार. समोर शिंद्यांच्या कवायती पायदळाचे दहा हजारांवर शिपाई, शंभरच्या घरात तोफा आणि हजारो घोडेस्वार. त्याने स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही.

वाटाड्यांनी सांगितलं, पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या अलीकडे एक गाव आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं गाव: पिंपळगाव आणि वरूड. तो म्हणाला, समोरासमोर दोन गावं वसली आहेत, म्हणजे त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असणारच. आणि उतार निघाला. मला या माणसाविषयी प्रेम असण्याचं काही कारण नाही, पण तर्कशास्त्राच्या वर्गात अनुमानाचं उदाहरण म्हणून मी हे वर्षानुवर्षं दिलेलं आहे. आपल्या शेतकऱ्याला जे रोज दिसतं ते त्या चौतीस वर्षांच्या परक्या माणसाला दिसलं, आणि पलीकडच्या सेनापतीच्या ध्यानात आलं नाही. तो उतार मोकळा राहिला.

नदी ओलांडताना शिंद्यांच्या तोफा चालू झाल्या. एका गोळ्याने वेलस्लीच्या जवळच असलेल्या त्याच्या स्वाराचं मुंडकं उडवलं. पुढे लढाईत त्याच्या अंगाखालचा एक घोडा गोळीने मारला गेला आणि दुसऱ्याला, डायोमेड नावाच्या अरबी घोड्याला, भाल्याची जखम झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळून हलले नाहीत. काही मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजी फळी पुढे सरकल्यावर उठून त्यांनी तोफा मागून डागल्या. संध्याकाळपर्यंत इंग्रजांकडचे चारशेच्या वर मेले, अकराशेच्या वर जखमी झाले. म्हणजे तिसरा हिस्सा फौज गारद. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला म्हातारपणी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर त्याचं उत्तर असई असं होतं.

तर मंडळी, लहान बदल हा. नेम दोन-चार हात इकडचा तिकडे. स्वाराऐवजी सेनापती. काही अद्भुत नको, कुणाचं मन बदलायला नको. केळणेच्या पात्रातला एक तोफगोळा.

आता लंडनला जाऊ या.

१८१५ चं वॉटर्लू मी सोडून देतो. नेपोलियनविरुद्ध सारा युरोप उभा होता. तो तिथे हरला नसता तर आणखी कुठे तरी हरला असता, असं मला वाटतं. खरी गंमत त्यानंतर आहे. १८२७ च्या ऑगस्टात पंतप्रधान कॅनिंग वारला. त्याच्या जागी आलेला गोडरिच पाच महिन्यांत, संसदेला एकदाही सामोरा न जाता, घरी गेला. मग जानेवारी १८२८ मध्ये राजा चौथ्या जॉर्जने वेलस्लीला, म्हणजे आता ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, पंतप्रधान केलं. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये डॅनियल ओकॉनेल निवडून आला. तो कॅथलिक, म्हणून कायद्याने त्याला संसदेत बसता येईना. आयर्लंड पेटायच्या बेतात. वेलिंग्टन स्वतः जन्माने डब्लिनचा, पक्का जुन्या वळणाचा, कॅथलिकांना हक्क देण्याच्या विरोधातला. पण यादवी नको म्हणून त्याने हक्क द्यायचं ठरवलं. राजा तयार होईना. ४ मार्च १८२९ ला राजाने मंत्र्यांना निरोप दिला, मंत्री विंडसरहून परत निघाले, आणि त्याच रात्री राजाने चिठ्ठी पाठवून सगळं मान्य केलं. सरकार चालवायला दुसरा कुणी मिळणार नाही हे त्याला उमगलं होतं. त्याच महिन्यात एका लॉर्डाने ड्यूकवर विश्वासघाताचा आरोप केला, तेव्हा देशाचा पंतप्रधान बॅटरसीच्या मैदानात पिस्तूल घेऊन द्वंद्वाला उभा राहिला! कुणी मेलं नाही, पण असलं कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा आवरा.

हा चौथा जॉर्ज तर जर-तर वाङ्मयाचा आद्य लेखकच म्हणायला हवा. शेवटच्या वर्षांत तो जेवणाच्या टेबलावर सांगायचा की वॉटर्लूला आपण स्वतः घोडदळ घेऊन शत्रूवर चालून गेलो होतो. तो त्या दिवशी रणांगणाच्या आसपासही नव्हता. आणि हे तो ड्यूकच्या समोर सांगायचा, त्याच्याकडून दुजोरा मागायचा. महाराजांच्या तोंडून हे मी अनेकदा ऐकलंय, असं ड्यूक म्हणायचा, अशी आख्यायिका आहे. घटनात्मक राजेशाहीत पंतप्रधानाने राजाशी कसं बोलावं, याचा धडा एका वाक्यात.

पुढचं ऐका. कॅथलिक कायद्यामुळे ड्यूकचा स्वतःचा पक्ष फुटला. १८३० च्या नोव्हेंबरात त्याने संसदेत सांगितलं की मतदानाच्या चालू पद्धतीत काडीचाही बदल नको. दोन आठवड्यांत सरकार पडलं, व्हिग पक्ष आला आणि १८३२ चा सुधारणा कायदा झाला. लोकांनी ड्यूकच्या घराच्या काचा फोडल्या. १८३४ मध्ये राजा चौथ्या विल्यमने बहुमतातलं मंत्रिमंडळ घरी पाठवलं. नवा पंतप्रधान पील इटलीत फिरायला गेलेला. तो परत येईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे ड्यूक एकटाच पंतप्रधान, गृहमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि युद्धमंत्री. एका खात्यातून दुसऱ्या खात्याला पत्र लिहायचं तर स्वतःच स्वतःला. बहुमत असलेलं सरकार राजाने आपल्या मर्जीने हाकलण्याची इंग्लंडातली ती शेवटची वेळ. पील आला, निवडणूक झाली, काही महिन्यांत तोच मेलबर्न पुन्हा पंतप्रधान झाला, आणि राजाचा दात पडला तो पडलाच.

आता असईचा नेम लावा आणि पुन्हा बघा. राजाला वाकवणारा माणूस नाही, म्हणजे १८२९ चा कायदा नाही, निदान तेव्हा नाही. पक्ष फुटत नाही. हट्टाने सरकार पाडणारा नाही, म्हणजे व्हिग इतक्या लवकर येत नाहीत. सुधारणा कायदा रखडतो. त्या नव्या संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद केली, तेही रखडतं. इंग्रजी लोकशाही आज जी आहे तिच्यात एका लोकशाहीविरोधी सरदाराच्या हट्टाचा मोठा वाटा आहे, आणि तो सरदार आपल्या जिल्ह्यातल्या एका गोलंदाजाचा नेम चुकला म्हणून जिवंत राहिला. इंग्लंडातल्या कुणी ही कादंबरी लिहिली का, मला माहीत नाही. लिहायला हवी. पहिलं प्रकरण पिंपळगावात घडलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडचं राहू द्या, असईला आपण जिंकलो असतो तर आपलं काय झालं असतं? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि माझी अडचण 'आपण' या शब्दापाशी होते. कोण आपण? वेलस्लीच्या स्वारीत मद्रासचे शिपाई होते, म्हैसूरचे स्वार होते, पेशव्यांचा सरदार बापू गोखले होता. तोच बापू गोखले १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडला. आणि शिंद्यांचं कवायती पायदळ चालवत होता अँथनी पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा माणूस, एके काळचा कंपनीचाच शिपाई. हॅनोव्हरचा अधिपती कोण होता ठाऊक आहे? इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज. म्हणजे असईच्या रानात इंग्लंडच्या राजाची फौज इंग्लंडच्या राजाच्याच जर्मन प्रजाजनाशी लढत होती. पोलमन पुढे पुन्हा कंपनीच्या चाकरीत गेला. यापेक्षा मोठा उपरोध कुठल्या विडंबनकाराला सुचेल? आणि ज्यांच्या शेतातून हे सगळं गेलं, त्या वरूड-पिंपळगावच्या कुणब्याला सारा दोन्ही जगांत भरायचाच होता.

मराठीत या प्रकारची सगळ्यात गाजलेली गोष्ट जयंत नारळीकरांची, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात होतं, म्हणून तुमच्यातल्या तरुणांनीही ती वाचली असेल. पानिपतावर विश्वासरावाला लागणारी गोळी थोडक्यात हुकते आणि मराठे जिंकतात. सगळ्यांना आठवतं ते एवढंच, आणि त्या दुसऱ्या जगात सभेच्या अध्यक्षाची खुर्ची रिकामी बघून तिच्यात जाऊन बसलेल्या गंगाधरपंतांवर श्रोत्यांनी केलेला मारा. (समोर अंडी-टोमॅटो घेऊन कुणी बसलं नाही ना, हे मी येतानाच पाहून घेतलंय.) मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या जगात मराठे जिंकूनही दिल्लीच्या तख्तावर बादशाह तसाच राहतो, विसाव्या शतकात लोकशाही येते, आणि बादशाह संसदेच्या शिफारशींवर शिक्का मारणारा उरतो. म्हणजे आपण इंग्रजांना रोखलं, आणि शेवटी घडवलं काय, तर इंग्लंडसारखीच राजेशाही! रिकामं तख्त आणि खाली काम करणारी संसद. नारळीकरांनी हे शांतपणे, आवाज न चढवता लिहिलंय.

यात खोल इतिहास आहे. १७२० साली पहिला बाजीराव पेशवा झाला. १७२१ साली रॉबर्ट वॉलपोल इंग्लंडचा पहिला पंतप्रधान मानला जातो. सातारला शाहू महाराज, लंडनला हॅनोव्हरहून आणलेला पहिला जॉर्ज. दोन्हीकडे राजा मागे सरतोय आणि प्रधान पुढे येतोय. एका वर्षाचं अंतर! पण वॉलपोल १७४२ मध्ये बहुमत गेलं तसा पायउतार झाला. त्याच्या मुलाला ती खुर्ची वारशाने मिळाली नाही. इकडे १७४० मध्ये बाजीराव गेले आणि पेशवाई नानासाहेबांना मिळाली. इंग्रजांनी राजा वंशपरंपरेचा ठेवला आणि प्रधान बदलता ठेवला. आपण दोन्ही वंशपरंपरेचे केले. मग सातारला एक बंदिस्त छत्रपती आणि पुढे पुण्यात एक अज्ञान पेशवा, आणि खरा कारभार तिसऱ्याच्याच हाती, अशी वेळ आली. १७७४ च्या सुमारास बारभाईंचं मंडळ झालं, ते मंत्रिमंडळाच्या सगळ्यात जवळ गेलेलं आपलं पाऊल. मला जर कुणी एकच बदल करायला दिला, तर मी पानिपतची गोळीही हलवणार नाही आणि असईचा गोलाही. मी बारभाईंना कायमचं करीन. पण लुईसच्या हिशेबाने ते जग फार लांबचं आहे, कारण त्यासाठी गोळी हलवून भागत नाही, माणसांच्या सवयी हलवाव्या लागतात.

राहिला आपल्या जालन्याचा हिशेब. असईनंतर आडगाव, गाविलगड, आणि ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावचा तह. त्या तहात अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा, गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख गेला, त्यात जालना होतं. तो इंग्रजांनी ठेवला नाही. वाटणीत निजामाला दिला. म्हणजे असईला इंग्रज जिंकले, आणि जालन्याला राज्य आलं निजामाचं. पुण्या-मुंबईच्या पोरांना मेकॉलेची इंग्रजी मिळाली. इथे कचेरीत फारसी होती, पुढे उर्दू आली. १८१८ नंतर ही वाटणी आणखी पक्की झाली आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली. आजही घरातले जुने कागद उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात, हे इथल्या किती तरी जणांना ठाऊक आहे. २०२३ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून आंदोलन उभं राहिलं, सरकारने निजामकाळातल्या नोंदी शोधायला समिती नेमली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरबद्दल शासन निर्णय निघाला. त्या मागणीवर माझं मत काय, हा आजचा विषय नाही. पण जालन्याच्या माणसाला आपली जात सिद्ध करायला हैदराबादचं गॅझेटियर का लागतं, पुण्याचं का चालत नाही, याचं उत्तर शोधत मागे गेलात तर एका टोकाला तुम्ही केळणेच्या त्या उतारावर पोचता.

प्रश्न असतील तर आता घेऊ. पुढच्या वेळी गाविलगड.